मधूकाकांची अंधारी खोली

घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की मधुकर शिंत्रे आधी फुंकर मारायचे. धूळ उडवायला रबरी फुगा मिळतो आणि तो त्यांच्या मेजावर होताही, पण न वापरून कडक झाला होता. वडील फुंकर मारत, म्हणून हेही मारत. ओठ किती मिटायचे, थुंकीचा कण न उडवता आणि केसाएवढा काटा न हलवता नुसती धूळ कशी बाजूला करायची, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. याचं कौतुक एकट्या अनसूयाबाई करायच्या, तेही चिडून. "घड्याळावर एवढी नाजूक फुंकर मारता, आणि चहा मात्र गल्लीला ऐकू जाईल असा पिता!"

दुकान साताऱ्यात, मोती चौकामागच्या बोळात. आत एक माणूस बसेल आणि बाहेर एक उभा राहील एवढंच. मोबाइल आले तसं लोकांनी मनगटाकडे बघणं सोडलं आणि मधूकाका सेल बदलत, पट्टे लावत बसले. कुणाशी भांडण नाही, कुणाकडे फारसं जाणं-येणं नाही. समोरचा मोठ्या आवाजात बोलला की त्याचंच बरोबर असणार, असं धरून चालायचे. बायको गेली, एकुलती एक अपूर्वा सांगलीला नांदायला गेली, तेव्हाही ते दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसले, कारण बंद ठेवून काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

असल्या माणसाचं नाव उतारवयात थोडंफार झालं ते अंधारात चमकणाऱ्या वस्तूंमुळं.

त्याची सुरुवात सुभेदार कृष्णातांनी केली. पलटणीतून रिटायर होऊन आलेला हा गृहस्थ एक दिवस वडिलांचं जुनं लष्करी घड्याळ घेऊन आला. "काका, यंत्र मेलंय, ते जाऊ द्या. पण आकडं बघा." त्यांनी तळहाताची ओंजळ करून घड्याळावर धरली. मधूकाकांनी डोळा लावला. आत फिकट हिरवट आकडे दिसत होते. "सेल न्हाई, उजेड दावायला लागत न्हाई. पेटीत पडून हुतं, तरी चमकतंय. मला ह्ये गाडीच्या किल्लीला पायजे."

मधूकाकांनी तबकडी काढली, पितळी कडीत बसवली, वर काच दाबली आणि किल्लीला अडकवायचं पदक करून दिलं. सुभेदारांनी ते प्रत्येक चहाच्या टपरीवर ओंजळीत धरून दाखवलं. मग दुसरे सुभेदार आले, हवालदार आले. साताऱ्यात रिटायर फौजींना तोटा नाही आणि प्रत्येकाच्या पत्र्याच्या पेटीत काहीतरी जुनं असतंच. पुढे पुण्याची पोरं फोनवर ऑर्डरी देऊ लागली. पेट्यांतला माल संपला तेव्हा मधूकाका कुपवाडला गेले. तिथं औद्योगिक वसाहतीच्या मागं नानासोंचं भंगाराचं आवार होतं. कुठल्या कुठल्या लिलावातली जुनी मीटरं, होकायंत्रं, तबकड्या पोत्यांनी यायच्या. नानासो त्या काट्यावर टाकायचे आणि म्हणायचे, "काका, तुमी येडं हायसा. पर येडं गिऱ्हाईक चांगलं."

आता, तबकडी चमकते की नाही हे उजेडात कसं कळणार? मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घराला आत एक खोली होती, खिडकी नसलेली. तिथं धान्याचे डबे असायचे. मधूकाकांनी तिथं एक बुटकं मेज मांडलं. दुपारी जेवून आले की दार लावून घ्यायचे, डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प बसायचे, मग एकेक तबकडी उचलायचे. अंधुक का होईना चमकली तर ती जिवंत. नाही चमकली तर मेलेली. जिवंत तबकडी तशीच काचेखाली जायची आणि तिला मान जास्त. मेलेल्या तबकडीवरचा पिवळट तपकिरी रंग ते पात्यानं खरवडायचे, फुंकर मारायचे, आणि तिथं पुण्याहून आणलेली नवी पावडर भरायचे. ही पावडर दिव्याखाली धरली की चमकायची आणि थोड्या वेळानं मावळायची. तिच्यात काही वाईट नव्हतं. जे होतं ते फुंकरेनं उडालेल्यात होतं. पण चमक गेली म्हणजे ताकद गेली, असं मधूकाकांना वाटे. सेल संपतो, स्प्रिंग तुटते, तसंच हे.

अनसूयाबाई त्याच खोलीत तांदूळ निवडायच्या. रोज केर काढायच्या. शहाबादी फरशीच्या सांध्यांत ती पूड बसायची, ती त्या खराट्याच्या काडीनं उकरून काढायच्या. "घरभर हळद सांडल्यासारखं करून ठेवता," म्हणायच्या. "तुमचं आपलं बरंय. फुंकलं की झालं."

मग त्यांना रक्ताचा आजार झाला. अंगात रक्तच तयार होईना. कराडला न्यायचं, रक्त चढवायचं, परत आणायचं, असं वर्षभर चाललं. वॉर्डातला दिवा गेला की त्या घाबरायच्या, म्हणून मधूकाकांनी एक लहानशी जिवंत तबकडी निवडून लॉकेट करून दिलं. शेवटचे काही आठवडे ते त्यांच्या मुठीत असायचं. त्या गेल्यावर अपूर्वानं मूठ उघडून ते काढून घेतलं आणि गळ्यात घातलं.

याला चार वर्षं झाली. यंदा अपूर्वाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नव्हतं. सातव्या महिन्यात सांगलीला ओटीभरण झालं आणि येत्या गुरुवारी तिला साताऱ्याला आणायचं ठरलं. आई नसलेल्या पोरीला काही कमी पडू नये म्हणून मधूकाका इरेला पेटले. गल्लीतल्या सुलाबाईंना तेल लावायला, शेक द्यायला सांगून ठेवलं. त्या बोरगावकडच्या, हाताला जड आणि तोंडाला मोकळ्या. त्यांनी घर फिरून बघितलं आणि निकाल दिला, "आतली खोली झ्याक हाय. वारं न्हाई, उजेडाची तिरीप न्हाई. बाळंतिणीला आशीच पायजे. ती घड्याळाची किडुकमिडुक तेवढी भाईर काढा." मधूकाकांनी मेज पुढच्या खोलीत आणलं, आतल्या खोलीला नवा रंग दिला आणि मेजाच्या जागी बाज टाकली. बाजेवर नवी सतरंजी, कोपऱ्यात शेगडी, फळीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. संध्याकाळी ते नुसतेच जाऊन त्या बाजेवर बसायचे. कितीतरी वर्षांनी त्या घरात काही होणार होतं.

सोमवारी दुपारी दुकानाच्या पायरीशी एक मुलगी येऊन उभी राहिली. "काका, मी समीक्षा. कृष्णातकाकांची पुतणी. कराडला इंजिनिअरिंग कॉलेजात फिजिक्स शिकवते." तिनं पर्समधून सुभेदारांचं किल्लीचं पदक काढलं. ते एका जाड डबीत ठेवलेलं होतं. "हे तुम्ही केलंत ना?"

"हो. काच निघाली का?"

"काच ठीक आहे." ती अडखळली. "मी मुलांना दाखवायला म्हणून हे लॅबमध्ये नेलं होतं. जुनं आहे, थोडी टकटक होईल असं वाटलं होतं. थोडी नाही झाली."

तिनं पिशवीतून किरणोत्सर्ग मोजायचं हाताएवढं यंत्र काढलं. दुकानात ते सावकाश टकटकत होतं, जुनं घड्याळ लंगडत चालावं तसं. मेजाच्या खणाशी नेल्यावर त्याचा सूर बदलला, ठोका ठोक्यावर पडू लागला. खणात खरवडायच्या राहिलेल्या तबकड्या होत्या.

"त्या मेलेल्या आहेत," मधूकाका समजुतीच्या सुरात म्हणाले. "चमकत नाहीत."

"चमक मेलीय, काका. चमकणारा रंग जळून गेला. पण त्याला चमकवणारं रेडियम आत तसंच आहे. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात."

मधूकाकांनी आयुष्यभर वेळेचंच काम केलं होतं, पण हा आकडा त्यांना कुठं ठेवावा ते कळेना.

"घाबरू नका," ती घाईनं म्हणाली. "काचेत बंद आहे तोवर लांबून फार धोका नाही. अंगाला सतत लावून ठेवू नये, पोरांच्या हातात देऊ नये, फोडू नये. वाईट असते ती धूळ. श्वासातून, तोंडातून गेली की हाडात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. तुम्ही खरवडत नाही ना?"

मधूकाकांनी दुकानाचं फळकूट खाली ओढलं आणि ते तिला घरी घेऊन आले.

आतल्या खोलीत रंगाचा वास अजून होता. भिंतीपाशी यंत्र शांत होतं, तसं मधूकाकांच्या जिवात जीव आला. मग समीक्षा बाजेशी गेली, वाकली, आणि फरशीच्या सांध्यावर यंत्र धरलं. ते ऐकून तिनंच हात मागं घेतला. बाजेखाली, बाजेच्या पायाशी, उंबऱ्याच्या खाचेत. जिथं जिथं खराट्याची काडी फिरली होती तिथं तिथं ते ओरडत होतं.

"रंग दिलाय नवीन," मधूकाका म्हणाले. "दोन हात."

फळीवरचे लाडू, शेगडी, बाज हे सगळं बघून समीक्षानं हळूच विचारलं, "कोण येणार आहे इथं?"

"मुलगी. बाळंतपणाला."

"इथं नको, काका. या घरातच नको."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करत उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या मंडळींना रक्ताचा आजार झाला होता. केर त्याच काढायच्या."

समीक्षा तरुण होती. खोटं सांगून वेळ मारून नेण्याची सवय तिला अजून लागली नव्हती. "यावरूनच झाला असं म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "पण यावरून नाही झाला असंही नाही म्हणता येणार. आता कुणालाच नाही सांगता येणार."

"मला तर काही नाही झालं. फुंकर मी मारायचो."

समीक्षा म्हणाली, "मुंबईला सरकारी खातं आहे या कामाचं. तुम्ही स्वतः कळवलंत तर बरं. नाहीतर मला कळवावं लागेल." आणि निघताना, "जेवढ्या वस्तू विकल्यात तेवढ्या परत घ्या. निदान जुन्या चमकणाऱ्या."

त्या संध्याकाळी मधूकाकांनी अपूर्वाला फोन केला आणि जे सांगायचं ते सोडून भलतंच बोलून बसले. "आतल्या खोलीला जरा ओल आलीय. तेव्हा थोडं पुढं ढकलू या का?"

"ओल? बाबा, एप्रिल चाललाय."

"तरी पण. जुनं बांधकाम."

"मग मी पुढच्या खोलीत राहीन. मला काय महाल लागतो?" ती हसली. "तुम्ही लाडू मात्र संपवू नका."

दारात उभ्या सुलाबाईंनी हे ऐकलं होतं. "आवं काका, पुढं ढकला म्हंजी? बाळंतपण काय घड्याळ हाय व्हय तुमचं, आज न्हाई तर उद्या द्याला?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मधूकाका सांगलीला गेले. विश्रामबागेत अपूर्वाचं सासर. जावई विश्वजित कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तो आणि त्याची आई बाहेरच्या खोलीत होते. अपूर्वा आतून पोटावर हात ठेवून आली आणि वडिलांना अवेळी बघून दारातच थांबली. मधूकाकांनी चपला काढल्या, चहा नको म्हणाले, आणि वाटेत जुळवून आणलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. तबकड्या, खरवडणं, समीक्षाचं यंत्र, फरशीचे सांधे.

विश्वजितला हसू आवरेना. "मामा, रेडियम? माझ्या बुलेटला पुढून मागून रेडियम लावलंय. उसाच्या ट्रॉल्यांना लावतात. तसं असतं तर अर्धा जिल्हा साफ झाला असता."

"त्याला नुसतं म्हणतात तसं. त्या कागदात ते नसतं. हे खरं."

"आणि खरं रेडियम तुम्हाला मिळालं कुठं?"

"कुपवाडला. भंगारात."

"आमच्या कारखान्याच्या मागं!" विश्वजितनं मांडीवर थाप मारली.

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला. "शिंत्रे, स्पष्ट सांगायचं होतं. घरात बाई माणूस नाही, तुमच्यानं होत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आम्ही काय सूनबाईला रस्त्यावर काढणार होतो? त्यासाठी एवढं रामायण कशाला?"

"ताई, तसं नाही हो. लाडूसुद्धा करून ठेवलेत."

"लाडू काय, दुकानात मिळतात."

मधूकाका अपूर्वाकडं बघत राहिले. ती हसली नव्हती आणि तिनं आईसारखा खालचा ओठ आत ओढून धरला होता. "आई तिथंच तांदूळ निवडायची," ती म्हणाली.

"हो."

"डॉक्टरांना सांगितलं होतं तुम्ही?"

"मलाच कुठं माहीत होतं, बाळ."

"काल माहीत झालं होतं. काल मला ओल म्हणालात."

मधूकाकांचं खरं काम अजून बाकीच होतं. त्यांनी खिशातून स्टीलची डबी काढली. "ते गळ्यातलं दे."

अपूर्वाची मूठ आपोआप लॉकेटवर गेली. "हे आईच्या हातातून मी काढून घेतलंय. पाळण्यावर चिमणाळ्याला बांधणार आहे मी हे. आजीचं म्हणून."

"पोरं तोंडात घालतात. काच पातळ आहे. मीच बसवलीय, मला माहीत आहे किती पातळ ते."

"म्हणजे हे तुम्ही आईला दिलंत. तिचं रक्त होत नव्हतं, तेव्हा हातात दिलंत."

"तिला अंधाराची भीती वाटायची," मधूकाका म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की विश्वजितनं "काय?" असं विचारलं.

अपूर्वानं मानेमागं हात नेऊन गाठ सोडली. ते लॉकेट तिनं वडिलांच्या हातात दिलं नाही. चहाच्या रिकाम्या बशीत ठेवलं आणि बशी त्यांच्याकडं सरकवली. "आईचं एवढंच होतं माझ्याकडं," म्हणाली आणि आत गेली. तिनं ऐकलं होतं, विश्वास ठेवला होता, हे मधूकाकांना पाठमोरं बघूनही कळलं. नसता ठेवला तर तिनं ते काढलं नसतं. तो विश्वास घेऊन ते बाहेर पडले.

सांगलीला आलोच आहोत तर कुपवाडला जावं, म्हणून रिक्षा केली. नानासो तबकड्यांच्या पोत्याला टेकून कागदावर भडंग खात होते. मधूकाकांनी त्यांना सगळं सांगितलं आणि कळवळून म्हणाले, "हात धुऊन तरी खावा हो."

"काका, पंचवीस वर्सं मी ह्यात लोळतोय. काय झालंय मला?" नानासोंनी मूठभर भडंग तोंडात टाकलं. "तुमी घेनार नसला तर ऱ्हाऊ द्या. मुंबईचा एक जण आख्खं पोतं मागतोय. त्यो बी तुमच्यासारखी पदकं करतोय म्हनं."

"त्याला सांगा तरी."

"गिऱ्हाइकाला कोन सांगतं गड्या, माझा माल वाईट म्हनून?"

साताऱ्यात परतल्यावर मधूकाकांनी दुकानावर पाटी लावली, की जुनी चमकणारी पदकं परत आणून द्यावीत, पैसे परत मिळतील. पाटी वाचून लोक थांबायचे, पण पदक काही आणायचे नाहीत. शेवटी सुभेदार कृष्णातच आले, ते पदक हवेत नाचवत. पुतणीकडून त्यांनी ते परत घेतलं होतं.

"काका, आमाला पलटणीतनं काय येडं म्हनून काडलंय व्हय? तुमी परत मागताय म्हंजी ह्याचा भाव वाडलाय."

"समीक्षानं सांगितलं नाही तुम्हाला?"

"ती पोरगी तापमापी बघून बी ताप काडंल. माझा बा ह्ये मनगटाला बांदून लढाई लढला आन् नव्वदीला गेला. न्हाई देनार. आता तर आजाबात न्हाई." आणि बोळातल्या दुकानदारांना ऐकू जाईल अशा आवाजात, "कुनी देऊ नका रं!"

कुणी दिलं नाही. त्यानंतर तर दोघंतिघं नवं मागायला आले.

मधूकाकांनी मुंबईला स्वतः कळवलं. माणसं आली, पांढरे कपडे आणि तोंडावर मुसक्या घालून. त्यांनी फरशा उचलल्या, बुटकं मेज नेलं, दुकानातला खण रिकामा केला. बाज नेली, सतरंजी नेली, कोपऱ्यातला खराटाही पिशवीत बांधून नेला. लाडवांचा डबा बघून एकानं विचारलं, "यात काय आहे?" आणि उत्तर ऐकून तोही पिशवीत टाकला. लॉकेटची डबी मधूकाकांनी आपल्या हातानं दिली. गल्ली दोन्ही बाजूंनी भरली होती. काकांकडं बॉम्ब सापडला, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच राहिलं.

त्या माणसांनी मधूकाकांनाही तपासलं. त्यातला मोठा साहेब बोलायला बरा होता. "थोडं अंगात गेलंय, ते काढता येत नाही. पण तुमच्यापासून दुसऱ्याला काही होत नाही. कुणाला शिवू नये असं काही नाही. हात स्वच्छ धुवायचे, बस."

मधूकाकांना त्यातलं शेवटचंच तेवढं लक्षात राहिलं. ते हात धुऊ लागले. दुकान उघडण्याआधी, उघडल्यावर, जेवणाआधी, जेवण झाल्यावर. घड्याळ उघडलं की ओठ आपोआप मिटायचे आणि मग ते तसेच थांबायचे, बाजारातून आणलेला नवा रबरी फुगा हातात येईपर्यंत.

अपूर्वाला सांगलीतच मुलगी झाली. बारशाचा निरोप विश्वजितनं मोबाइलवर पाठवला. मधूकाकांनी घरातून काहीही नेलं नाही. सांगलीच्या स्टँडवर उतरले, बाजारात जाऊन बाळाला झबली-टोपडी घेतली, अपूर्वाला साडी घेतली आणि स्वतःला एक नवा सदरा घेतला. एका हॉटेलच्या मोरीत हात कोपरापर्यंत धुतले, तिथंच सदरा बदलला. अंगातून काढलेला सदरा कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत घातला, आणि ती पिशवी अपूर्वाच्या घराबाहेर, चपलांच्याही पलीकडं ठेवली.

घर बायकांनी भरलं होतं. पाळणा फुलांनी सजवला होता. चिमणाळं नवं, लाल-हिरव्या चिमण्यांचं होतं. कुणीतरी बाळ उचलून त्यांच्यासमोर धरलं. "धरा की आजोबा! पहिली नात!"

मधूकाकांचे हात पाठीमागं गेले. "नको," ते म्हणाले. "मी बाहेरून आलोय. प्रवासातून."

"आम्ही काय आभाळातून आलो?" बायका हसल्या. बाळ आणखी जवळ आलं. त्यांच्या नाकाला दुधाचा वास लागला. ते एक पाऊल मागं सरकले आणि भिंतीला टेकले. त्यांचा चेहरा बघून मागची एक बाई दुसरीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं, "मुलगी झाली म्हणून तोंड बघा कसं केलंय."

"आमच्याकडं असलं काही नाही हो," विहीणबाई मोठ्यानं म्हणाल्या. "आम्हाला मुलगीच हवी होती."

मधूकाकांनी अपूर्वाकडं बघितलं. तिला कारण माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. ती पाळण्याशी नव्या साडीत बसली होती आणि त्यांच्या चेहऱ्याकडं नाही, पाठीमागं लपवलेल्या हातांच्या दिशेनं बघत होती.

"बाबा, हात धुतलेत?"

"हो. धुऊनच आलोय."

"परत धुवा," ती म्हणाली. "मोरीत साबण आहे. मग घ्या तिला."

कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली, लाजेवर पांघरूण घालावं तशी.

मधूकाका मोरीत गेले. साबण नवा होता. त्यांनी नखं घासली, बोटांच्या बेचक्या घासल्या, ज्या बोटांत वर्षानुवर्षं पातं धरलं होतं ती बोटं पुन्हा पुन्हा घासली. झालं असं वाटून नळ बंद केला, आणि दूध प्यायच्या त्या एवढ्याशा तोंडाची आठवण होऊन पुन्हा सोडला. बाहेर पाळणा संपला. आत्यानं कानात नाव सांगितलं असावं, कारण पाठीत धपाटे बसल्याचा आवाज आला आणि हशा झाला. मधूकाकांनी अंगठ्याच्या नखाखाली अजून एकदा साबण घातला.

ते आले तेव्हा हातातून पाणी ठिबकत होतं, कारण तिथल्या पंच्याला पुसावेत की नाही हे त्यांना ठरवता आलं नव्हतं. पाळणा रिकामा होता. अपूर्वा बाळाला पाजायला आत गेली होती आणि दार लोटलेलं होतं. बायका घुगऱ्या वाटत होत्या. मधूकाका ओले हात पुढं धरून दारापाशी बराच वेळ उभे राहिले. मग विश्वजित जवळ येऊन चांगुलपणानंच म्हणाला, "मामा, ती आता झोपेल. तुमची शेवटची गाडी चुकेल बघा."

साताऱ्याला उतरून ते गल्लीत आले तेव्हा सुलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. माणसं येऊन गेल्यापासून त्या काकांच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या, बोलायच्या मात्र रस्त्यावरून.

"आलासा व्हय काका! नात कशी हाय?"

"छान आहे."

"कुनावर गेलीया?"

मधूकाका कुलपात किल्ली घालत होते. "नीट बघितलं नाही."

"आन् नाव काय ठेवलं?"

किल्ली फिरली, पण त्यांनी दार ढकललं नाही. "विचारायचं राहिलं," ते म्हणाले.

"आवं, बारशाला गेलता न्हवं?" सुलाबाई म्हणाल्या.